काळी पावडर सुकू का द्यायची नाही? : अल्कोहोल, हवा आणि करवंटीचा कोळसा

ज्यांना इअरफोन लावून ऐकायला जमत नाही, किंवा लोकलमध्ये पनवेल यायच्या आत पटकन वाचून संपवायचं आहे, त्यांच्यासाठी ही या भागाची लिहिलेली आवृत्ती. बोलताना सुटलेले एक-दोन आकडे इथे नीट मांडलेत, बाकी सगळं तेच.

सुरुवातीलाच सांगतो, मी केमिस्ट नाही. बीटेक झालंय, दिवसभर कोड लिहितो, राहतो कळंबोलीत. पण कळंबोलीत राहून केमिस्ट्रीपासून लांब राहता येत नाही. एका बाजूला लोखंड-पोलाद बाजार आणि दुसऱ्या बाजूला तळोजा एमआयडीसी. रात्री वारा फिरला की खिडकी लावायची, हे आमच्याकडे लहान पोरांनाही कळतं.

माझा मामा तळोज्याला एका कंपनीत बरीच वर्षं ऑपरेटर होता. मागे एकदा जेवताना त्याला विचारलं, "मामा, इतक्या वर्षांत तुला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली?" मला वाटलं, अ‍ॅसिड म्हणेल, बॉयलर म्हणेल. तो म्हणाला, "काळ्या पावडरची. फिल्टरवर तिचा केक जमतो ना, तो सुकू द्यायचा नाही. सुकला की आपला आपण पेटतो."

काडी नाही, ठिणगी नाही, आणि पावडर आपली आपण पेटते? एकदा त्याच्या शिफ्टला तसं झालंही होतं. नव्या पोराने फिल्टर उघडला आणि केकवर पाणी न मारता चहाला गेला. परत आला तर केक लालभडक, आणि बाजूच्या ड्रमला आग लागायच्या बेतात. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. मामा म्हणाला, "पावडर कोळशाचीच, पण साधा कोळसा नव्हे. त्यात पॅलेडियम असतं."

त्या रात्री मी वाचायला बसलो आणि एका गोष्टीपाशी अडकलो. फिल्टरवर ज्या रासायनिक क्रियेने आग लागते, जवळपास तीच क्रिया रिअ‍ॅक्टरच्या आत नीट, हळूहळू करून घेता आली तर विषारी क्रोमियमचा कचरा वाचू शकतो. आणि ती 'नीट' होणार की नाही, हे ठरतं एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नावर: उत्प्रेरक कोळशाला किती घट्ट चिकटलाय?

आजचा भाग त्यावर.

आधी अल्कोहोल म्हणजे काय?

अल्कोहोल म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर बाटली येते. पण केमिस्टसाठी अल्कोहोल हे एक मोठं कुटुंब आहे. ज्या रेणूत कार्बनला ऑक्सिजन आणि त्या ऑक्सिजनला हायड्रोजन जोडलेला असतो, तो अल्कोहोल. दारूतलं इथेनॉल, प्लांटमध्ये सॉल्व्हंट म्हणून वापरतात ते मेथनॉल, सॅनिटायझरमधलं आयसोप्रोपिल, हे सगळे एकाच घरचे.

आता या अल्कोहोलमधून हायड्रोजन काढून घेतला तर आल्डिहाइड किंवा कीटोन मिळतं. आल्डिहाइडला आणखी ऑक्सिजन दिला तर आम्ल. याला म्हणायचं ऑक्सिडेशन. ताडी-माडी सकाळी गोड असते, दुपारपर्यंत चढायला लागते आणि तशीच ठेवून दिली तर आंबट होते. शेवटच्या पायरीला जिवाणू हवेतला ऑक्सिजन वापरून अल्कोहोलचं अ‍ॅसेटिक आम्ल करतात. गोव्यात माडाच्या सुरेपासून व्हिनेगर करतात ते असंच.

औषधं, अत्तरं, स्वाद, रंग, किडनाशकं यांच्या कारखान्यांत ही पायरी पुन्हा पुन्हा येते. बेन्झिल अल्कोहोलपासून बेन्झाल्डिहाइड हे पुस्तकातलं नेहमीचं उदाहरण. कडू बदामाचा जो वास आहे ना, तो बेन्झाल्डिहाइडचा. पण आल्डिहाइड हवं असेल तर क्रिया तिथेच थांबली पाहिजे, पुढे आम्लापर्यंत जाता कामा नये. नुसतं 'जाळणं' कोणालाही येतं. पाहिजे तिथे थांबवता आलं पाहिजे.

पोलिसांच्या यंत्रातली दोन रसायनं

थर्टी फर्स्टच्या रात्री कळंबोली सर्कलवरून गेलात तर फुंकर मारायचं यंत्र घेऊन उभे असलेले ट्रॅफिक पोलीस दिसतील. इथूनच एक्स्प्रेस वे सुरू होतो, त्यामुळे बंदोबस्त कडक. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर गुन्हा. पण ते यंत्राला कळतं कसं? त्यासाठी ते यंत्र तुमच्या श्वासातल्या अल्कोहोलचं ऑक्सिडेशन करतं!

१९५४ साली अमेरिकेत रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांनी बनवलेल्या 'ब्रेथलायझर'मध्ये पोटॅशियम डायक्रोमेट असायचं. नारिंगी द्रव. श्वासातल्या अल्कोहोलचं ऑक्सिडेशन करताना क्रोमियमचं रूप बदलतं आणि नारिंगी रंग उतरून हिरवट होतो. रंग किती बदलला त्यावरून अल्कोहोल किती ते कळतं. पण प्रत्येक चाचणीत थोडं डायक्रोमेट खर्ची पडतं. कुपी वापरली की फेकायची.

आजच्या यंत्रांत फ्युएल सेल असतो. एक छोटी सच्छिद्र चकती, तिच्या दोन्ही बाजूंना बारीक प्लॅटिनम. श्वासातलं अल्कोहोल प्लॅटिनमवर येतं, त्याचं ऑक्सिडेशन होतं, इलेक्ट्रॉन सुटतात आणि वीज वाहते. जास्त वीज म्हणजे जास्त अल्कोहोल. आणि प्लॅटिनम? ते जागच्या जागी राहतं. पुढच्या माणसासाठी तयार.

काम दोन्हीकडे एकच. पहिल्या यंत्रात रसायन खर्च होतं, दुसऱ्यात ते टिकतं. जे स्वतः न संपता क्रियेचा वेग वाढवतं तो उत्प्रेरक, आपल्या प्लांटच्या भाषेत कॅटलिस्ट. कारखान्यातही हेच दोन मार्ग आहेत. फरक एवढाच की तिथे कुपीच्या जागी ड्रम असतात.

कागदावरचा हिशोब

मी खरंच वही घेऊन हिशोब मांडला. बारावीच्या केमिस्ट्रीत बसतो, तुम्हीही करून बघा.

३२४ किलो बेन्झिल अल्कोहोल घेतलं, तर त्यातून जास्तीत जास्त ३१८ किलो बेन्झाल्डिहाइड मिळू शकतं.

जुन्या पद्धतीने, म्हणजे सोडियम डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्लाने केलं, तर २६२ किलो डायक्रोमेट आणि ३९२ किलो आम्ल लागतं. शेवटी माल ३१८ किलो, आणि त्यासोबत ३९२ किलो क्रोमियम सल्फेट, १४२ किलो सोडियम सल्फेट आणि १२६ किलो पाणी. म्हणजे ५३४ किलो नुसते क्षार. मालापेक्षा कचरा जास्त! आणि हे सगळं एकदम आदर्श धरून. प्रत्यक्षात रसायन थोडं जास्तच टाकावं लागतं, वर धुण्याचं पाणी वेगळं.

आता तेच काम हवेतल्या ऑक्सिजनने केलं तर? ४८ किलो ऑक्सिजन लागतो. माल तेवढाच, ३१८ किलो. सोबत निघतं ५४ किलो पाणी. संपलं.

रॉजर शेल्डन या रसायनशास्त्रज्ञाने १९९२ मध्ये यासाठी एक साधं माप सुचवलं. एक किलो मालामागे किती किलो कचरा? त्याला 'ई फॅक्टर' म्हणतात. आपल्या उदाहरणात, पाणी सोडून, क्रोमियमचा रस्ता १.७ च्या आसपास जातो आणि ऑक्सिजनचा शून्याजवळ.

क्रोमियमचा कचरा म्हणजे साधा कचरा नव्हे. डायक्रोमेटमधलं सहा संयुजेचं क्रोमियम कॅन्सर करू शकतं. काम झाल्यावर त्याचं बरंचसं कमी घातक अशा तीन संयुजेच्या रूपात जातं, पण उरलेलं तसंच राहू शकतं. म्हणून सांडपाण्यावर प्रक्रिया करून, गाळ वेगळा काढून, तो घातक कचरा म्हणून पुरावा लागतो. असा कचरा पुरण्याची सोय आमच्या तळोज्यातच आहे. आणि काळजी घेतली नाही तर काय होतं ते तमिळनाडूतल्या राणीपेटला दिसतं. क्रोमेट बनवणारा कारखाना १९९०च्या दशकात बंद पडला आणि लाखाहून जास्त टन क्रोमियमयुक्त कचरा वर्षानुवर्षं तिथेच पडून राहिला.

मग सरळ हवाच का नाही फुंकत?

कारण ऑक्सिजन आळशी आहे. आपण त्यातच राहतो, पण सॅनिटायझर हाताला लावलं म्हणून हात पेटत नाही. त्याला कामाला लावायला उत्प्रेरक लागतो.

मोठ्या प्रमाणावर आणि साध्या रेणूंसाठी हे जुनंच आहे. पनवेलजवळ रसायनीत हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स हा सरकारी कारखाना होता, कंपनी १९६० ची. गावालाही 'रसायनी' असंच नाव पडलं. तिथे फॉर्माल्डिहाइडही बनायचं. जगभर ते मेथनॉलची वाफ आणि हवा एकत्र करून, गरम चांदीवर किंवा लोह-मॉलिब्डेनमच्या ऑक्साइडवर सोडून बनवतात. अल्कोहोलचं ऑक्सिडेशनच की हे!

पण मेथनॉल हा छोटा, दणकट रेणू. त्याला शेकडो अंश तापमान सोसतं. औषधाचा मोठा नाजूक रेणू तिथे जळून जाईल. त्याला द्रवातच, शंभर अंशांच्या आसपास किंवा त्याहून कमी तापमानाला सांभाळावं लागतं. तिथे कामाला येतात प्लॅटिनम, पॅलेडियम, रुथेनियम, सोनं असे धातू, किंवा टेम्पो नावाचा एक नारिंगी-लाल सेंद्रिय पदार्थ. हो, नाव 'टेम्पो'च आहे, पण आपल्या मालवाहू टेम्पोशी संबंध नाही!

सोन्याची गंमत बघा. आजीच्या पाटल्या पन्नास वर्षं हवेत, पाण्यात राहून काळ्या पडत नाहीत, कारण सोनं कशाशीच बोलत नाही. पण त्याच सोन्याचे काही नॅनोमीटरचे कण करून कार्बनवर बसवले, तर ते अल्कोहोलचं ऑक्सिडेशन करायला लागतं. इटलीत मिलानच्या लॉरा प्राती आणि मिकेले रोस्सी यांनी १९९८ मध्ये हे दाखवलं. कण लहान झाला की पृष्ठभागावर असलेल्या अणूंचं प्रमाण वाढतं. पाच नॅनोमीटरच्या कणात ढोबळमानाने पाचातला एक अणू पृष्ठभागावर येतो. काम तेच अणू करतात, आतले नुसते बसून.

चहातली साखर आणि करवंटी

आता अडचण. उत्प्रेरक द्रवात विरघळवला तर काम छान होतं, पण नंतर तो काढायचा कसा? चहातली साखर परत काढून दाखवा बरं! तो मालाबरोबर जातो किंवा सांडपाण्याबरोबर. आणि नुसते नॅनोकण टाकले तर ते एकमेकांना चिकटून मोठे होतात, मग त्यांचा उपयोग कमी.

म्हणून त्यांना एक घर द्यायचं. न विरघळणारं, मोठं, फिल्टरवर अडकेल असं. ते घर म्हणजे सच्छिद्र कार्बन.

हा कार्बन तुमच्या घरात आहे. वॉटर प्युरिफायरच्या कार्बन फिल्टरमध्ये जो असतो, तो बहुतेक वेळा नारळाच्या करवंटीपासून बनवतात. करवंटी हवेशिवाय भाजायची, मग ८०० ते १,००० अंशांच्या घरात वाफ सोडायची. वाफ कोळसा आतून कुरतडते आणि असंख्य छिद्रं तयार होतात. अशा एक ग्रॅम कार्बनला साधारण १,००० चौरस मीटर पृष्ठभाग असतो. पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटरचं. म्हणजे चिमूटभर पावडरीत सात-आठ कबड्डीची मैदानं घडी घालून ठेवली आहेत!

कार्बनच का, याची आणखी कारणं आहेत. सिलिका तीव्र अल्कलीत विरघळायला लागते, अ‍ॅल्युमिना तर आम्ल आणि अल्कली दोन्हीत कच्ची. सोन्याच्या उत्प्रेरकाला तर बहुधा अल्कली लागतेच. कार्बन दोन्हीकडे टिकतो. उत्प्रेरक म्हातारा झाला की कार्बन जाळून टाकायचा आणि राखेतून महाग धातू परत मिळवायचा. आणि तिसरं, कार्बनमधून वीज वाहू शकते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

छिद्र किती मोठं हवं? कळंबोलीचा नकाशा बघा

छिद्रं जास्त म्हणजे काम चांगलं, असं वाटतं. पण छिद्रांचे आकार तीन: दोन नॅनोमीटरपेक्षा लहान, दोन ते पन्नास, आणि पन्नासच्या वर.

लोखंड बाजारात येणारा कॉइलचा ट्रेलर डोळ्यासमोर आणा. हायवेवर तो निवांत. सेक्टरच्या मोठ्या रस्त्यावर कसाबसा वळतो. आमच्या सोसायटीच्या गल्लीत घातला तर पुढे जात नाही आणि मागेही येत नाही. मोठा रेणू म्हणजे तो ट्रेलर. उत्प्रेरक सगळ्यात बारीक छिद्रांत नेऊन बसवला तर रेणू तिथे पोचतच नाही, किंवा आत जाऊन आल्डिहाइड झाला तरी बाहेर पडायला इतका वेळ लागतो की तोवर त्याचं आम्ल होऊन जातं.

म्हणून मधल्या आकाराची छिद्रं मोलाची. साध्या करवंटीच्या कार्बनमध्ये बारीक गल्ल्याच जास्त असतात, त्यामुळे अशा कामासाठी वेगळा कार्बन निवडतात किंवा मुद्दाम तसा बनवतात.

चिकटवायचं कसं?

ढोबळमानाने तीन पद्धती.

पहिली, भिजवणं. धातूचा क्षार पाण्यात विरघळवायचा, कार्बनला तो पिऊ द्यायचा, मग हायड्रोजन किंवा दुसऱ्या कशाने क्षपण करायचं. धातूचे छोटे कण छिद्रांच्या भिंतींवर बसतात. मामाची काळी पावडर अशाच कुळातली. पाच टक्के पॅलेडियम असं लेबल असेल, तर १०० ग्रॅम कोरड्या पावडरीत पाच ग्रॅम धातू. सोपी पद्धत, पण कण भिंतीला टेकून बसलेला असतो, बांधलेला नसतो.

दुसरी, बांधणं. कार्बनची भिंत गुळगुळीत असते, तिला आधी हुक लावावे लागतात. कार्बन नायट्रिक आम्लात उकळला की त्याच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनचे गट तयार होतात, म्हणजे आपले हुक. मग टेम्पोसारख्या रेणूला एक शेपटी जोडायची आणि ती हुकाला पक्क्या रासायनिक बंधाने बांधायची. किंवा कार्बनमध्येच नायट्रोजनचे अणू घालायचे, ते धातूला धरून ठेवायला मदत करतात.

तिसरी, स्टिकर. कार्बनची भिंत ग्रॅफाइटसारखी चपटी. तिच्यावर पायरीनसारखा चपटा रेणू आपोआप पसरून चिकटतो, काचेवर स्क्रीन गार्ड बसतं तसा. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात शॅनन स्टॉल यांच्या गटाने २०१७ मध्ये टेम्पोला पायरीनची शेपटी लावून तो कार्बन नॅनोट्यूबवर असा चिकटवला.

इथे ती वीज कामाला येते. टेम्पो अल्कोहोलकडून हायड्रोजन घेतो आणि 'डिस्चार्ज' होतो. एरवी त्याला पुन्हा तयार करायला ब्लीचसारखं काहीतरी घालावं लागतं. पण तो वीज वाहून नेणाऱ्या कार्बनलाच चिकटलेला असेल, तर सरळ विजेने चार्ज करता येतो. फोन कायम चार्जरला लावून ठेवल्यासारखं.

कार्बन हाच एक आधार आहे असं मात्र नाही. माटुंग्याच्या आयसीटीत, म्हणजे जुन्या यूडीसीटीत, प्रा. गणपती यादव यांनी हेटेरोपॉली आम्लं के-१० नावाच्या मातीवर बसवून उत्प्रेरक केले. ते ऑक्सिडेशनसाठी नव्हे, आम्लाने होणाऱ्या क्रियांसाठी. पण विचार तोच: सांडपाण्यात वाहून जाणाऱ्या आम्लाऐवजी घट्ट बसलेलं, गाळून परत घेता येणारं आम्ल.

सुटतं कधी? आणि आपण फसतो कसे?

आता मुख्य मुद्दा. पेपरमध्ये लिहिलेलं असतं, 'पाच वेळा वापरला, तरी काम करतो.' आम्ही डेव्हलपर म्हणतो ना, 'माझ्या मशीनवर चालतंय', तसंच हे. पाच वेळा ठीक, पन्नास वेळांचं काय?

समजा प्रत्येक बॅचला फक्त एक टक्का धातू सुटतो. ऐकायला काहीच नाही. पण पन्नास बॅचनंतर साधारण ६० टक्केच उरतो. बाकीचा ४० टक्के गेला कुठे? एक तर मालात, नाहीतर नाल्यात. माल औषध असेल तर तोंडाने घ्यायच्या औषधातून दिवसाला पॅलेडियम १०० मायक्रोग्रॅमपर्यंतच चालतं, असा आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक निकष आहे. एक ग्रॅम सुटलेलं पॅलेडियम म्हणजे दहा हजार दिवसांची मर्यादा!

आणि अल्कोहोलच्या ऑक्सिडेशनमध्ये हा धोका जास्तच. एक, ऑक्सिजन धातूचंही ऑक्सिडेशन करतो आणि ऑक्सिडाइज झालेला धातू सहज विरघळतो. दोन, क्रिया पुढे गेली की तयार होणारं आम्ल धातूला चिमट्यासारखं पकडून बाहेर ओढतं. म्हणजे आपण जे बनवतोय तेच आपल्या उत्प्रेरकाला सोडवतंय.

मग तपासायचं कसं? याची एक साधी चाचणी आहे. क्रिया अर्ध्यावर असताना, गरम असतानाच गाळून घ्यायचं. पावडर वर राहिली, खाली स्वच्छ द्रव. तो द्रव पुन्हा तेवढ्याच तापमानाला ठेवायचा. क्रिया थांबली तर चांगली खूण, काम पावडरच करत होती. क्रिया चालूच राहिली, तर धातू सुटून द्रवात आलाय आणि खरं काम तोच करतोय.

'गरम असताना' हे का महत्त्वाचं? कारण गार झाल्यावर सुटलेला धातू पुन्हा कार्बनवर जाऊन बसू शकतो. तुम्ही गार करून गाळलं तर द्रव स्वच्छ आणि रिपोर्ट छान! डीबगर लावला की गायब होणारे बग असतात ना, तसं. म्हणून गरम चाचणीबरोबर द्रवातला धातूही मोजून बघावा लागतो, एकावर भागत नाही.

परत मामाच्या केककडे

मामाच्या कंपनीत ती पावडर ऑक्सिडेशनसाठी नव्हतीच. ते हायड्रोजन *घालायची* क्रिया करत. मग केक का पेटतो?

काम संपल्यावर पावडरीच्या छिद्रांत थोडा हायड्रोजन आणि मेथनॉलसारखं सॉल्व्हंट उरतं. ओली असेपर्यंत पाणी उष्णता शोषतं आणि हवेला आत येऊ देत नाही. पावडर सुकली की हवा छिद्रांत शिरते. तिथे हायड्रोजन आहे, अल्कोहोल आहे, पॅलेडियम आहे आणि कबड्डीची सात-आठ मैदानं भरतील एवढा पृष्ठभाग. ऑक्सिडेशन सुरू होतं, उष्णता निघते, उष्णतेने क्रिया आणखी जोरात, आणि शेवटी कोळसाच पेटतो. काडी लागतच नाही.

हे माणसाला दोनशे वर्षांपासून माहीत आहे. १८२० मध्ये एडमंड डेव्ही यांनी बारीक प्लॅटिनमवर अल्कोहोल पडल्यावर ते तापून लाल होताना पाहिलं होतं. 'कॅटॅलिसिस' हा शब्दच मुळी १८३५ चा, बर्झेलियस यांचा. म्हणजे नाव मिळायच्या आधी धोका कळला होता. आजही हा उत्प्रेरक बऱ्याचदा वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी घालून ओलाच विकला जातो, तो त्यामुळेच.

म्हणून तुमच्यापैकी कोणी तळोजा, पाताळगंगा, महाड, लोटे, कुठेही प्लांटवर किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये असाल, तर हे लक्षात ठेवा: केक ओला ठेवायचा, फिल्टरवर नायट्रोजन असताना हवा आत सोडायची नाही, वापरलेली पावडर कोरड्या कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही, आणि रिअ‍ॅक्टरमध्ये सॉल्व्हंट असताना कोरडी पावडर वरून ओतायची नाही. चहा नंतर.

मग सगळे हीच पद्धत का वापरत नाहीत?

कारण अडचणी खऱ्या आहेत. सॉल्व्हंटच्या वाफा आणि ऑक्सिजन एका भांड्यात ठेवणं म्हणजे आगीशी खेळ. त्यावर उपाय आहेत: नायट्रोजन मिसळून ऑक्सिजन कमी ठेवणं, शक्य असेल तिथे पाण्यात क्रिया करणं, मोठ्या भांड्याऐवजी उत्प्रेरक भरलेल्या अरुंद नळीतून द्रव सोडणं. पण त्यासाठी यंत्रसामग्री बदलावी लागते. औषधाची पद्धत एकदा मंजूर झाली की ती बदलायला पुन्हा सगळे कागद. आणि कार्बन कधी कधी मालच शोषून धरतो, तो आणखी एक तोटा.

पण दुसऱ्या बाजूलाही किंमत आहे, फक्त ती वेगळा माणूस भरतो. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यात कुत्री निळी झाल्याचे फोटो जगभर फिरले होते, आठवतंय? तो रंगाच्या कारखान्याचा मामला होता, आजच्या विषयाशी थेट संबंध नाही. त्यावर मीम झाले, आपण हसलो. पण ती कुत्री ज्या कासाडी नदीच्या आसपास फिरायची, त्या नदीत कोळी बांधव मासेमारी करायचे. नदीच्या प्रदूषणाचं प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं.

म्हणून आता कोणी 'ग्रीन कॅटलिस्ट' म्हणालं की मी तीन प्रश्न विचारतो. तो कशावर चिकटवलाय? गरम गाळून तपासलाय का? आणि शेवटी तो जातो कुठे? कारण चिकटून राहिला तर तो क्रोमियमचे ड्रम वाचवतो. सुटला, तर नाल्यात क्रोमियमच्या जागी पॅलेडियम, एवढाच फरक.

मामा आता रिटायर झालाय. हा भाग रेकॉर्ड करायच्या आधी त्याला सगळं समजावून सांगितलं. छिद्रं, हुक, स्टिकर, सगळं. शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "म्हणजे पावडर वाईट नाही. तिला धरून ठेवता आलं पाहिजे." एवढं बोलून त्याने विचारलं, "तुझ्या त्या पॉडकास्टात केक ओला ठेवायचं सांगितलंस ना?"

सांगितलं, मामा.

तुमच्या घरी कोणी केमिकल प्लांटमध्ये काम करत असेल, तर त्यांना हा भाग ऐकवा आणि त्यांचा अनुभव मला व्हॉइस नोटवर पाठवा, कंपनीचं नाव न घेता. कुठे चुकलो असेन तर तेही बिनधास्त सांगा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, काळजी घ्या!